सामाईक प्रिंटर : मुभा, मोजदाद आणि न्याय

वसंत व्याख्यानमालेत दरवर्षी मोठमोठे विषय मांडले जातात. देशाचे अर्थकारण असते, संतवाङ्मय असते, आकाशातले ग्रहतारे असतात. त्या मानाने आमचा विषय फार लहान, किंबहुना टेबलावर मावेल एवढाच आहे. कचेरीत, शाळेत, पतपेढीत किंवा सार्वजनिक वाचनालयात दहावीस माणसांत मिळून जो एक प्रिंटर असतो, त्यावर छापण्याची मुभा कोणाला असावी, ती कशी द्यावी आणि कोणी किती छापले ह्याचा हिशेब कसा ठेवावा, एवढेच आम्ही सांगणार आहोत.

कामगार चळवळीतल्या माणसाने यंत्राच्या तारांत का शिरावे, असे काहींना वाटेल. त्याचे कारण असे की, अलीकडे आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींचे रूप पालटले आहे. पूर्वी लोक मस्टरवरच्या लाल रेघेची तक्रार घेऊन येत. आता कोणी म्हणतो, माझ्या नावावर दुसऱ्याच कोणीतरी छापले. कोणी म्हणतो, माझे छापणे कारण न सांगता बंद केले. कोणाची पगाराची स्लिप प्रिंटरच्या ट्रेमध्ये पडून राहते आणि ती साऱ्या खात्याने वाचलेली असते. आम्ही इंजिनिअर नाही. आमची शाळा लवकर सुटली. पुढे जे शिकलो ते पुस्तके चाळून आणि यंत्र दुरुस्त करणाऱ्या मित्रांच्या खांद्यावरून डोकावून. तेव्हा जे आम्हांला समजले, ते आपल्या बोलीत सांगतो.

ज्यांनी चाळीतले दिवस काढले आहेत, त्यांना सामाईक वस्तूचा प्रश्न नव्याने सांगावयास नको. नळ एक आणि बिऱ्हाडे वीस. नळाला काहीच नियम नसेल, तर ज्याच्या अंगात जोर त्याची बादली पुढे. बरे, किल्ली एकाच्याच कनवटीला दिली, तर त्याच्या मर्जीतल्यांना पाणी आणि बाकीच्यांना वाट पाहणे. शेवटी चाळकरी एकत्र बसून पाळ्या ठरवतात, त्या जिन्याखाली लिहून लावतात, आणि मगच भांडण मिटते. प्रिंटरची गोष्ट ह्याहून वेगळी नाही. फरक एवढाच की, नळावर कोण आले ते डोळ्यांना दिसते. प्रिंटरवर कोण आले ते दिसत नाही. म्हणूनच तेथे पहारा कोठे असतो, हे समजून घ्यावे लागते.

प्रिंटर सामाईक कसा झाला

प्रथम थोडा इतिहास पाहू. लेझर किरणाने कागदावर अक्षर उमटवणारा प्रिंटर गॅरी स्टार्कवेदर ह्यांनी १९७१ साली अमेरिकेत, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात तयार केला. त्याच केंद्रात १९७३ साली रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज ह्यांनी अनेक संगणक एका तारेने जोडणारी ‘इथरनेट’ नावाची पद्धत बसवली. ह्या दोन गोष्टी एकाच छपराखाली जन्मल्या हा निव्वळ योगायोग नव्हता. छापण्याचे यंत्र अत्यंत महाग आणि अत्यंत वेगवान होते. ते एका माणसाला देणे परवडणारे नव्हते. अनेकांनी ते वापरायचे तर तार हवीच. झेरॉक्सने १९७७ साली ९७०० नावाचा लेझर प्रिंटर बाजारात आणला, तो सेकंदाला दोन पाने छापत असे. पुढे १९८४ साली ह्यूलेट-पॅकार्डचा लेझरजेट आला आणि लेझर प्रिंटर टेबलावर बसू लागला. तरीही पाच टेबलांना पाच प्रिंटर घेण्यापेक्षा पाचांत एक घेणे स्वस्त, हे गणित काही बदलले नाही. म्हणजे सामाईकपणा हा काटकसरीतून आला. आणि जेथे काटकसर आली, तेथे “कोणी किती वापरले” हा प्रश्न पाठोपाठ येणारच.

पहाऱ्याची तीन ठिकाणे

आपण संगणकावर “छाप” अशी आज्ञा देतो तेव्हा काय घडते? आपला मजकूर तारेवरून किंवा बिनतारी लहरींवरून निघतो. बहुतेक कचेऱ्यांत तो आधी एका मध्यवर्ती संगणकावर जातो, त्याला सर्व्हर म्हणतात. तेथे कामांची रांग लागलेली असते. आपली पाळी आली की मजकूर प्रिंटरकडे जातो आणि कागद ट्रेमध्ये पडतो. ह्या प्रवासात पहारा बसवण्याची ठिकाणे तीन : प्रिंटरचे स्वतःचे दार, मधली रांग, आणि कागद हातात पडण्याची जागा.

पहिले ठिकाण म्हणजे प्रिंटरचे दार. नेटवर्कवरच्या प्रत्येक प्रिंटरला पत्ता असतो, आणि त्या पत्त्यावर क्रमांक दिलेली दारे असतात. त्यांना तंत्रज्ञ पोर्ट म्हणतात. बहुतेक प्रिंटरांना ९१०० क्रमांकाचे एक दार असते. ह्या दाराचा स्वभाव असा की, जो कोणी तेथपर्यंत पोहोचला त्याचे काम ते मुकाट्याने छापून देते. नाव विचारीत नाही, गाव विचारीत नाही. कचेरीच्या आत हे एक वेळ चालून जाते. पण पुष्कळ संस्थांनी आपले प्रिंटर नकळत साऱ्या जगाला उघडे ठेवले. मार्च २०१६ मध्ये अमेरिकेतील अनेक विद्यापीठांतल्या प्रिंटरांतून एकाएकी वंशद्वेषाची पत्रके बाहेर पडू लागली. पाठवणाऱ्याने एकही कुलूप फोडले नव्हते. दारे उघडीच होती. नोव्हेंबर २०१८ च्या अखेरीस आणखी एका हिकमती माणसाने जगभरच्या सुमारे ५० हजार प्रिंटरांवर आपल्या आवडत्या यूट्यूबवाल्याची जाहिरात छापल्याचा दावा केला.

ह्यावर उपाय अवघड नाही. कचेरीतल्या बहुतेक प्रिंटरांत, कोणाकोणाकडून काम घ्यावे ह्या पत्त्यांची यादी भरण्याची सोय असते. त्या यादीत फक्त सर्व्हरचा पत्ता ठेवावा, आणि जी दारे वापरात नाहीत ती बंद करावीत. पुष्कळ ठिकाणी आम्ही पाहिले आहे की, रांगेवर कडक पहारा असतो आणि हे मागचे दार मात्र सताड उघडे असते. मग जो थोडा माहितगार आहे तो रांग टाळून थेट प्रिंटरला काम धाडतो, आणि जो साधाभोळा आहे तोच नियमात अडकतो. असा पहारा नसलेला बरा.

दुसरे ठिकाण रांगेचे. मुख्य व्यवस्था येथेच होते. ज्या कचेऱ्यांत विंडोजचा सर्व्हर असतो, तेथे प्रत्येक प्रिंटरला तीन मुख्य परवानग्या असतात. पहिली छापण्याची. दुसरी रांगेतली कामे थांबवण्याची, पुढेमागे करण्याची वा रद्द करण्याची. तिसरी खुद्द प्रिंटरची व्यवस्था बदलण्याची, म्हणजे परवानग्या देण्याघेण्याची. प्रिंटर नवा बसवला की छापण्याची परवानगी ‘एव्हरीवन’ म्हणजे सर्वांना आपोआप मिळालेली असते. तेव्हा काही मर्यादा घालायची असेल, तर पहिले काम म्हणजे यादीतून ‘एव्हरीवन’ काढणे आणि त्या जागी योग्य तो गट घालणे. “ह्याला मनाई, त्याला मनाई” अशी नकाराची यादी शक्यतो करू नये. त्या व्यवस्थेत मनाई ही मुभेवर मात करते. एखादा माणूस एका गटात मुभा असलेला आणि दुसऱ्या गटात मनाई असलेला निघाला, तर त्याचे काम अडते आणि का अडले ते कोणालाच उमगत नाही.

ज्यांच्याकडे लिनक्स किंवा ॲपलचे संगणक आहेत, तेथे ‘कप्स’ नावाची व्यवस्था चालते. ती मायकेल स्वीट ह्यांनी १९९७ मध्ये लिहावयास घेतली आणि १९९९ मध्ये लोकांसमोर आली. तिच्यात प्रत्येक रांगेसाठी मुभा असलेल्यांची किंवा मनाई असलेल्यांची यादी करता येते, आणि ठरावीक मुदतीत एका माणसाला किती पाने, अशी मर्यादाही घालता येते. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पासवर्ड विचारण्याची सक्ती केली नसेल, तर काम धाडणारा संगणक जे नाव सांगेल तेच ही व्यवस्था खरे मानते. म्हणजे पहारेकऱ्याने “कोण?” म्हणून विचारावे, आणि आतून “मी पाटील” असे उत्तर आले की दार उघडावे, त्यातलाच प्रकार. नावापुढे पासवर्डाची खातरजमा नसेल, तर ती यादी शोभेची.

यादी करताना माणसांची नावे न लिहिता हुद्द्यांचे किंवा खात्यांचे गट करावेत, असे आमचे सांगणे आहे. हिशेब खाते, भांडार खाते, वाचनालयाचे सभासद असे गट असले, की एखाद्याची बदली झाल्यावर त्याला एका गटातून काढून दुसऱ्यात घातले म्हणजे झाले. नावानावाने केलेल्या यादीत निवृत्त झालेले लोक वर्षानुवर्षे राहतात, आणि काल लागलेला पोऱ्या मात्र छापायला दुसऱ्याचे नाव मागत हिंडतो. रंगीत छपाई महाग पडते म्हणून ती थोड्यांनाच द्यायची असेल, तर एकाच प्रिंटरच्या दोन रांगा कराव्यात : एक फक्त काळ्या शाईची, सर्वांसाठी, दुसरी रंगीत, ठरावीक गटासाठी. भिंतीवर “रंगीत छापू नये” अशी पाटी लावून माणसांना अपराधी करण्यापेक्षा हे सरळ आहे.

ह्याच ठिकाणी आणखी एक सावधगिरी. छापण्याची मुभा कोणाला, ह्यापेक्षाही व्यवस्था बदलण्याची मुभा कोणाला, हा प्रश्न मोठा आहे. जुलै २०२१ मध्ये विंडोजमधली रांग सांभाळणारी जी यंत्रणा, तिच्यातच मोठे भगदाड असल्याचे उघडकीस आले. ‘प्रिंटनाइटमेअर’ ह्या नावाने ते गाजले. त्यातून शिरलेला माणूस केवळ छापत नव्हता, सारा संगणकच ताब्यात घेऊ शकत होता. मायक्रोसॉफ्टने घाईघाईने दुरुस्ती काढली, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून प्रिंटरचा ड्रायव्हर बसवण्याचे काम व्यवस्थापकापुरतेच मर्यादित केले. तेव्हा दुरुस्त्या वेळच्या वेळी घालणे, आणि ज्या संगणकावरून काही छापायचेच नाही तेथे ही यंत्रणा बंद ठेवणे, हाही पहाऱ्याचाच भाग आहे.

तिसरे ठिकाण म्हणजे ट्रे. पाठवलेले काम यंत्रात थांबून राहते, आणि पाठवणारा स्वतः यंत्राजवळ येऊन आपला आकडा किंवा ओळखपत्राचे कार्ड दाखवतो तेव्हाच कागद बाहेर येतो, अशी सोय आता पुष्कळ प्रिंटरांत असते. पगाराच्या स्लिपा, आजारपणाचे दाखले, चौकशीचे कागद ह्यांना ही सोय असलीच पाहिजे. छापून घ्यावयास कोणी न आलेले काम आपोआप रद्द होते आणि कागद वाचतो, हा दुसरा लाभ. मालकाचा कागद वाचतो आणि कामगाराची अब्रू वाचते, अशा सोयी आम्ही आयुष्यात फार थोड्या पाहिल्या.

नोंद कोणाची?

आता ज्यासाठी हा सारा खटाटोप मांडला, त्या मुद्द्याकडे येतो. रांगेवर पहारा बसला की नोंदवही आपोआप सुरू होते. तिच्यात कोणाच्या नावाने, किती वाजता, कोणत्या संगणकावरून, किती पाने छापली हे तर असतेच. पुष्कळदा मजकुराचे शीर्षकही असते. आणि शीर्षक फार बोलके असते. “बदलीचा अर्ज”, “डॉक्टरांचा अहवाल”, “युनियनची सभा” एवढे शब्द वाचले तरी वाचणाऱ्याला पुरेसे होतात. आतला मजकूर उघडण्याची गरजच उरत नाही.

एका कचेरीतली हकिगत सांगतो. तेथील एका कारकुनाला कारणे दाखवा नोटीस मिळाली. कचेरीच्या प्रिंटरवर संघटनेच्या पत्रकाच्या दीडशे प्रती काढल्याचा आरोप होता, आणि पुरावा म्हणून नोंदवहीचा उतारा जोडला होता. उताऱ्यावर त्याचे नाव स्वच्छ होते. आम्ही चौकशीत तीन कागद मागितले : त्या दिवसाचे मस्टर, नोंदवहीचे पूर्ण पान, आणि प्रिंटर वापरण्याचा लेखी नियम. मस्टरप्रमाणे तो त्या दिवशी मंजूर रजेवर होता. पूर्ण पानावरून दिसले की काम त्याच्या टेबलावरल्या संगणकावरून गेले होते, आणि तो रजेवर असताना काम अडू नये म्हणून त्याचा पासवर्ड खातेप्रमुखांच्याच सांगण्यावरून चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवलेला होता. आणि तिसरा कागद अस्तित्वातच नव्हता. नोटीस मागे घेतली गेली. पण तीन आठवडे त्या माणसाच्या घरी चूल नीट पेटली नाही, त्याची भरपाई कोण करणार?

ह्या गोष्टीचे सार असे : नोंदवहीत जे नाव येते ते खात्याचे नाव असते. त्या खात्यामागे त्या क्षणी कोणाचा हात होता, हे नोंदवहीला ठाऊक नसते. म्हणून नोंद हा चौकशीचा आरंभ होऊ शकतो. तो निकाल नव्हे. अमेरिकेतले एक गाजलेले प्रकरण हेच दाखवते. २०१७ साली तेथील राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचा एक गोपनीय अहवाल वृत्तपत्रसंस्थेकडे पोहोचला. तो कोणी छापला होता हे तपासता सहा नावे निघाली. सरकारी यंत्रणेनेसुद्धा सहाही जणांना दोषी ठरवले नाही. पुढे आणखी तपास केला, आणि त्यांपैकी एकीचा त्या वृत्तपत्रसंस्थेशी ईमेलने संपर्क झाल्याचे आढळल्यावर तिला पकडले. तिने गुन्हा कबूल केला, आणि २०१८ मध्ये तिला पाच वर्षे तीन महिन्यांची शिक्षा झाली. शिक्षा योग्य की अयोग्य, ह्याबद्दल मतभेद आहेत. पण जेथे राष्ट्राच्या गुपिताचा प्रश्न होता तेथेही प्रिंटरच्या नोंदीवर थांबले नाहीत, मग दीडशे कागदांसाठी आमच्या कारकुनाला एका ओळीवर दोषी का धरावे?

उघडी खूण आणि छुपी खूण

छापणाऱ्याने आपली ओळख द्यावी, ही अपेक्षा नवी नाही आणि आमचा तिला विरोधही नाही. आपल्या देशात १८६७ च्या कायद्याने छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण घालणे बंधनकारक केले. तो कायदा आता राहिला नाही. त्याच्या जागी नियतकालिकांसाठी २०२३ चा नवा कायदा आला आहे. तरी निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक ह्यांचे नाव-पत्ते १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे आजही लागतात. आम्ही हँडबिले काढली, त्यांच्या तळाशी ती बारीक ओळ नेहमी असे. ती ओळ वाचणाऱ्याला दिसते, छापणाऱ्याला ठाऊक असते. तिच्यात फसवणूक नाही.

ह्याउलट, काही रंगीत लेझर प्रिंटर प्रत्येक पानावर डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपके उमटवतात. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनने २००५ साली झेरॉक्सच्या एका प्रिंटरचे ठिपके उलगडून दाखवले. त्यांत छपाईची तारीख, वेळ आणि यंत्राचा क्रमांक निघाला. यंत्र विकत घेणाऱ्याला ह्याची वार्ताही नव्हती. आणि पहाऱ्याचा अतिरेक कोठवर जातो, हे पाहायचे तर रुमानियाकडे पाहावे. तेथे चाउशेस्कूच्या राजवटीत १९८३ साली असा हुकूम निघाला की, टाइपरायटर बाळगायचा तर पोलिसांची परवानगी हवी आणि त्याच्या अक्षरांचा नमुना पोलिसांकडे दाखल हवा. उद्देश कागद वाचवण्याचा नव्हता; कोण काय लिहितो हे हुडकण्याचा होता. साधन तेच, नोंद तीच, पण हेतू बदलला की पहाऱ्याचा पिंजरा होतो.

येथे आमच्या माणसांनाही एक गोष्ट स्पष्ट सांगतो. संघटनेचे पत्रक संघटनेच्या पैशाने, संघटनेच्या कागदावर काढावे. मालकाच्या शाईवर चळवळ चालवू नये. त्यात आपलीच बाजू लंगडी होते. मालकाची साधने कामगारांनी संघटनेसाठी वापरावीत की नाही, ह्यावर अमेरिकेतील राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने २०१४ साली, ईमेलच्या बाबतीत, कामाच्या वेळेबाहेर वापरता येईल असा निर्णय दिला आणि २०१९ साली तोच फिरवला. पाच वर्षांत फिरणाऱ्या हक्कावर विसंबण्यापेक्षा वर्गणीतून घेतलेला आपला लहानसा प्रिंटर बरा.

नियम भिंतीवर हवा

मग न्याय्य व्यवस्था कशी असावी? कारखान्यांतल्या जुन्या मंडळींना १९४६ चा स्थायी आदेशांचा कायदा आठवत असेल. त्यात एक मोलाची तरतूद होती : कामाचे नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत फलकावर, प्रवेशद्वाराजवळ लावले पाहिजेत. तो कायदा आता २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत सामावला आहे. पण त्यामागचे तत्त्व प्रिंटरला जसेच्या तसे लागू पडते. ज्याने नियम पाळायचा, त्याला तो आधी वाचता आला पाहिजे.

तेव्हा प्रिंटरच्या शेजारी, मराठीत, एक कागद लावावा आणि त्यावर एवढे असावे. छापण्याची मुभा कोणत्या गटांना आहे आणि रंगीतची कोणाला. महिन्याला पानांची मर्यादा असल्यास ती किती. प्रत्येकाने स्वतःच्याच नावाने आणि पासवर्डाने छापावे. आणि एखादा रजेवर असता काम अडत असेल तर बदली माणसाला स्वतंत्र खाते देण्याची जबाबदारी कचेरीची. नोंदवहीत काय काय लिहिले जाते, ती किती दिवस ठेवली जाते आणि ती कोण पाहू शकतो. पानांचा हिशेब करणाऱ्याला पानांची संख्या पुरते. शीर्षके त्याला दिसू नयेत. आणि शेवटी, कोणाची मुभा काढायची तर कारण लेखी द्यावे, आणि त्यावर दाद कोणाकडे मागायची त्या अधिकाऱ्याचा हुद्दा लिहावा. एवढे सारे एका पानात मावते, आणि ते पान छापायला तो प्रिंटर आहेच.

मित्रहो, आपल्यापैकी कोणी पतपेढीच्या संचालक मंडळावर असतील, कोणी गृहनिर्माण संस्थेचे चिटणीस, कोणी शाळेचे मुख्याध्यापक असतील. उद्या कामावर गेलात की आपल्या प्रिंटरजवळ उभे राहून तीन प्रश्न विचारावेत. ह्यावर कोण छापू शकतो, हे कोणी ठरवले? ते कोठे लिहिले आहे? आणि माझ्या नावावर चुकीची नोंद झाली, तर ती दुरुस्त कोण करील? उत्तरे मिळाली तर आनंदच आहे. न मिळाली, तर येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घालावा.